तांबटाच्या घरी तांबं वर्ज्य

४ फेब्रुवारी

भावजी,

परवा फोनवर तुम्ही जे बोललात त्यातलं अर्धं मला ऐकू आलं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरलं. आता त्यात तुमचं कुठलं आणि माझं कुठलं ते कळेनासं झालंय. ऐरणीशेजारी जन्म काढला की कानांचं असंच होतं. तुमचे दादा तर माझ्याही पुढे, त्यांना पत्रसुद्धा ओरडून वाचून दाखवावं लागतं. तर आपलं हे पत्रच बरं.

तुमच्या रुग्णालयातलं औषध सुरू झालं. छातीतली कॅन्सरची गाठ काढली, सुया झाल्या, केस गेले आणि परत आले, तेही कुरळे. मला वाटलं, सुटले. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गाठ परत येणाऱ्या जातीची आहे, तेव्हा आमच्या अभ्यासात नाव घाला. रक्तातलं तांबं उतरवायचं नवं औषध आहे. मी म्हटलं, बाई, माझा सासरा तांबट, नवरा तांबट, मी स्वतः लग्न झाल्यापासून पातेल्यांना कान आणि किटल्यांना दांडे जोडतेय, आणि तुम्ही मलाच तांबं सोडायला सांगताय? त्या हसल्या नाहीत. तुमच्याकडे हसायला वेगळा विभाग असतो का?

असो. काजू बंद, चॉकलेट बंद, मशरूम बंद, कलेजी बंद. म्हणजे पाहुणे आले की मी त्यांच्याकडे बघत बसायचं. औषध घेतलं की कुजक्या अंड्यासारखे ढेकर येतात, त्यावर मी लिंबाच्या आंबट गोळ्या शोधून काढल्यात, त्यांची परवानगी सिस्टरकडून घेतली आहे. घरातली तांब्याची भांडी तुमच्या दादांनी एका दुपारी उचलून माळ्यावर टाकली आणि स्टीलचा जग आणला. तो ओट्यावर ठेवताना त्यांचा चेहरा असा होता, जणू बोलणं बंद असलेल्या सोयऱ्यांकडे जेवायला बसलेत.

ते विचारत काही नाहीत, पण गप्प बसून सारखं विचारतात. तेव्हा तांब्यानं आमचं काय घोडं मारलंय ते सोप्या भाषेत लिहून पाठवा. प्रयोगशाळेत तुम्हाला पगार कशाचा देतात ते तरी कळू दे.

तुमची कुरळ्या केसांची वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र ओरडून वाचायचं असल्यानं मोठ्या अक्षरात लिहितोय.

तांबं वाईट नाही. ते अंगात लागतंच. रक्त तयार व्हायला लागतं, पेशींना कामाचा जोर यायला लागतं. अडचण एवढीच की गाठीलाही लागतं, आणि जरा जास्तच. गाठीच्या बारीकशा बियांना कुठेतरी रुजून मोठं व्हायचं असेल तर आधी स्वतःसाठी रक्तवाहिन्यांचे नळ ओढून घ्यावे लागतात, आणि त्या कामात तांबं हवं असतं. तुमचं औषध रक्तातल्या तांब्याला घट्ट धरून ठेवतं, कुणाला वापरू देत नाही. तुम्हाला चालवण्यापुरतं ठेवायचं आणि बियांना उपाशी मारायचं, असा डाव आहे. लागू पडतोच असं अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही, म्हणून तर अभ्यास. त्यासाठी रक्तातलं तांबं एका ठरलेल्या रेघेखाली उतरून तिथेच राहायला हवं. ते मोजायचं मशीन तळघरात आहे आणि त्याच्यासमोर मी बसतो. पगार त्याचा.

आता गंमत ऐका. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काही मंडळी बसतात, ती याच्या बरोबर उलट करतात. ते कॅन्सरच्या पेशीत तांबं कोंबतात! पेशीच्या आत जिथे तिची वीज तयार होते तिथे तांबं जास्त झालं की तिच्या कामाच्या वस्तूंच्या गुठळ्या होतात आणि ती मरते. अजून हे सगळं काचेच्या बशीत आणि उंदरांत चाललंय. जेवणाच्या सुट्टीत उपाशी मारणारे आणि खाऊ घालून मारणारे एकाच टेबलावर डबे उघडतात.

थोडक्यात, गाठीला तांबं फार आवडतं. आणि ती आली कुणाच्या घरी, तर तांबटाच्या! तिची चंगळच झाली असणार.

दादाला नमस्कार. स्टीलच्या जगालाही.

तुमचा तळघरातला दीर

२ मे

भावजी,

आधी तुमच्या शास्त्रज्ञांना सांगा, उपाशी मारायचं की खाऊ घालायचं ते एकदाचं ठरवा. आमच्या धंद्यात असं चाललं असतं तर एकानं किटली ठोकली असती आणि दुसऱ्यानं सपाट केली असती.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. चंगळ म्हटलं तिथे मी खूप हसले. ते हसले नाहीत. उठून अंगणात गेले आणि बराच वेळ नळाशी हात धूत बसले. तेव्हापासून कारखान्यात येतच नाहीत म्हणाल तरी चालेल. गुडघा दुखतो म्हणतात. गुडघा डावा होता, मधे एक दिवस उजवा झाला होता.

त्यामुळे पत्रा ठोकून मठारायचं कामही मीच ओढतेय आणि जोडायचंही. एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघराची ऑर्डर आहे, दांड्याची पातेली आणि लांब चोचीच्या किटल्या. सकाळी बसते ती अंधार पडेपर्यंत. माझे हात चालू असले की मला बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या तपासणीचं सिस्टरनं सांगितलं. पहिल्या महिन्यात आकडा थोडा उतरला, मग थांबला, आणि आता चक्क वर चाललाय. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. भावजी, मी एक काजू खाल्लेला नाही. शेजारीण चॉकलेटचा केक घेऊन आली तर मी वास घेऊन परत पाठवला. वासानं चढतं का, तेवढं कळवा. तुमच्या मशीनचं काही बिघडलं असेल तर तेही तपासा. वयानं माणसं बिघडतात, मशीन कोण लागून गेलं?

वहिनी

६ मे

धाकट्या,

हे पत्र तिला न सांगता लिहितोय. उत्तर घरी पाठवू नकोस, शेजारच्या सुताराच्या पत्त्यावर पाठव.

गाठीला तांबं आवडतं असं तू लिहिलंस. म्हणजे ते आम्हीच तिला घातलं. ती या घरात आली तेव्हा तिला तांब्याचा वासही माहीत नव्हता. तिच्या माहेरी सगळे कारकून. मीच तिला ऐरणीपाशी बसवलं. तिचा हात चांगला होता म्हणून मला कौतुक वाटायचं, चारचौघांत सांगायचो. आता पत्रा हातात घेतला की हातच चालत नाही.

मोडवाल्याशी बोललो आहे. पत्रे, साचे, हातोड्या, ऐरणी, सगळं उचलून नेईल म्हणाला. तांबं घरातून गेलं की तिच्या रक्तातूनही जाईल ना? तेवढं फक्त लिही. तसं असेल तर लगेच विकतो. हॉटेलवाल्याला काय सांगायचं ते मी बघेन.

दादा

१० मे

दादा,

नाही, नाही आणि नाही. तांब्यामुळे वहिनीला गाठ झाली असं मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि तसं आम्हाला कुणाला माहीतही नाही. तुझी भांडी आतून कल्हई केलेली असतात, तांबट नसलेल्या कितीतरी बायका याच आजारासाठी इथे येतात, आणि पिढ्यान् पिढ्या ठोकत बसलेली आपल्या घरातली माणसं बहिरी होऊन, कटकट करत, म्हातारपणीच गेली. गाठ तू आणली नाहीस. मी चंगळ म्हणालो तो माझा पांचटपणा होता. तुला तो इतका लागेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

विकू नकोस. निदान पुढच्या तपासणीपर्यंत मोडवाल्याला दारात उभं करू नकोस. आणि गुडघा एक काय तो ठरव, तिला कळलंय.

धाकटा

१० मे

वहिनी,

मशीन तपासलं. ठणठणीत आहे. वासानं चढत नाही.

आता थोडं सरळ लिहितो. जूनच्या मध्यावर तुमची पुढची तपासणी आहे. तेव्हा आकडा रेघेखाली दिसला नाही तर नियमाप्रमाणे तुम्हाला अभ्यासातून काढतील आणि औषध बंद होईल. हे औषध बाहेर दुकानात मिळत नाही. डॉक्टरीणबाईंच्या हातातही नाही आणि माझ्या तर मुळीच नाही. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण माझा धीर होत नव्हता.

तेव्हा लाजू नका, कबूल करा. फोन करणाऱ्या सिस्टरनं तुमच्या कागदावर काय लिहून ठेवलंय सांगू? ‘केव्हाही फोन केला तरी बाईंच्या तोंडात काहीतरी असतं.’ बिचारी म्हणते, आधी नुसतं ‘हं हं’ येतं, मग काहीतरी ताटलीत टाकल्याचा खडखड आवाज येतो, आणि मग तुम्ही बोलता. वहिनी, अक्रोड आहेत का? बदाम? कवचासकट खाता का? मी रागावणार नाही. दादापासून लपवायचं असेल तर माझ्यापर्यंतच राहील. पण ते खाणं आजच्या आज थांबवा.

तुमचा काळजीत पडलेला दीर

१५ मे

भावजी,

तुम्ही मला चोर ठरवलंत, तेही अक्रोडाची! इतके दिवस मी जिभेवर दगड ठेवून बसलेय आणि तुमची ती सिस्टर माझ्या तोंडाचा आवाज ऐकून कागदं रंगवते? तिला म्हणावं, इथे येऊन बस एक दिवस. एका हातानं दांडा दाबून धरायचा, दुसऱ्या हातात हातोडी, मग दांडा जोडायच्या बारक्या रिबिटी कुठे धरणार? तोंडातच ना? मूठभर रिबिटी गालात घेऊन बसायचं, जिभेनं एकेक पुढे आणायची, ओठांतून काढून भोकात घालायची आणि ठोकायची. तुमच्या आईंनी मला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं. पहिल्या दिवशी मी दोन गिळल्या होत्या, तुम्हीच तर सगळ्या गल्लीला सांगत फिरला होतात.

फोन आला की त्या ताटलीत काढाव्या लागतात, त्याचा तो खडखडाट. त्यांच्यासोबत गालात लिंबाची गोळी असते, ती पण आधी विचारून ठेवलेली आहे. उलट गोळीमुळे रिबिटी कशा लख्ख होऊन बाहेर येतात, बघत राहावं.

खाण्याचं मला विचारा. मी काय खाते त्याचा घास न् घास सांगितलाय. माझ्यावर विश्वास नसेल तर तसं स्पष्ट लिहा, मी स्वतःच नाव काढून घेते. रोज भीतीनं जेवायचं आणि वर चोरही ठरायचं, हे मला जमणार नाही.

वहिनी

१८ मे

वहिनी,

आधी तोंडातलं काढा. मग पुढे वाचा.

काढलंत? सगळं? गालातली ती मागची पण?

आता बसा. रिबिटी तांब्याच्या आहेत. गोळी लिंबाची आहे. आपल्या घरात डागाळलेलं तांबं कशानं उजळतात? लिंबानं. तो डाग जातो कुठे? लिंबाच्या रसात. आणि तो रस तुम्ही सकाळपासून अंधार पडेपर्यंत गिळताय, मोठ्या ऑर्डरमुळे नेहमीच्या दुप्पट! काजू कसले सोडलेत, तुम्ही दिवसभर तांब्याचं सरबत पीत होतात. औषध एका बाजूनं तांबं पकडतंय आणि तुम्ही दुसऱ्या बाजूनं ओतताय.

कारण हेच असेल याची मी हमी देत नाही, ते पुढचं रक्तच सांगेल. पण डॉक्टरीणबाईंना पत्र दाखवलं तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. तुम्ही विचारत होतात ना, हसायचा विभाग? तोच. सिस्टरचा फॉर्म विचारतो काय खाता, काय पिता, कशात शिजवता. तोंडात काय धरता हे जगातल्या कुठल्याही फॉर्मवर नाही. आणि मला तर सुचायलाच हवं होतं, आईला मी लहानपणी कधी रिकाम्या तोंडानं काम करताना पाहिलंच नाही. इतकं रोजचं होतं की दिसलंच नाही.

चोर म्हटल्याबद्दल पाया पडतो. रिबिटी आजपासून बंद, गोळी चालू ठेवली तरी चालेल. नाव काढून घेण्याची भाषा पुन्हा करू नका.

तुमचा दीर

२९ मे

भावजी,

माफ केलं. पण अक्रोड मी विसरणार नाही.

तोंड रिकामं ठेवून काम करणं म्हणजे काय शिक्षा आहे, तुम्हाला कळायचं नाही. रिबिटी एप्रनच्या खिशात ठेवून पाहिल्या, दर वेळी दांडा सरकतो. मेणाच्या गोळ्यावर खोचून पाहिल्या, उन्हानं मेण वितळलं. कुणीतरी लोहचुंबक सुचवलं. तांबट म्हणवणाऱ्या माणसानं मला तांब्यासाठी लोहचुंबक सुचवावं! तो कोण ते मी सांगणार नाही, तुमचेच दादा आहेत.

आणि काल मोडवाला आला. हातात वजनकाटा, मागे हातगाडी. म्हणाला, दादांनी बोलावलंय, पत्रे आधी की ऐरण आधी? मी म्हटलं, आधी मला चढव काट्यावर. तो गेला हातगाडीसकट. मग मी यांना समोर बसवलं. म्हटलं, अहो, खरं सांगा. तर म्हणाले, मी तुला इथे बसवलं नसतं तर तुला हे झालं नसतं. एवढा मोठा माणूस, रडला हो. महिनोन् महिने हे पोटात घेऊन फिरत होते आणि मी त्यांच्या गुडघ्याची थट्टा करत होते. मला फार वाईट वाटलं. मी सांगितलं, तांब्यानं मला आजारी केलेलं नाही, पण तुम्ही असे गप्प राहिलात तर मी नक्की आजारी पडेन. तुमचं ते सुताराकडचं पत्रही मग त्यांनी मला दाखवलं. दोघं भाऊ लपवाछपवीत एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे आहात.

जूनची वाट बघतेय. बघत नाहीये असं सगळ्यांना सांगते.

वहिनी

२१ जून

वहिनी,

डॉक्टरीणबाईंचा फोन आला असेलच, पण तुम्हाला अर्धाच ऐकू आला असेल, म्हणून लिहून कळवतो: आकडा रेघेखाली उतरला. नुसता उतरला नाही, खालच्या पायरीवर जाऊन बसलाय. तुम्ही अभ्यासात राहिलात, औषध चालू राहील. छातीच्या आणि पोटाच्या फोटोतही नवं काही दिसलेलं नाही. पुढे काय हे आम्हाला ठाऊक नाही, पण आज एवढं नक्की आहे, आणि तळघरात मी एकटाच होतो म्हणून जरा नाचून घेतलं.

आता उलटी काळजी. फार खाली गेलं तर रक्त कमी होईल, दम लागेल. तसं वाटलं तर लगेच कळवा, औषध थोडं कमी करतील. एखादा काजू खायची परवानगी काढू का?

फॉर्मवर एक नवा रकाना आलाय. ‘कामाच्या वेळी तोंडात काही धरता का?’ तुमच्या आधी हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. शिंपीणबाईंच्या टाचण्या आणि सुतारांचे खिळे त्यात निघू लागलेत.

नाचरा दीर

३० जून

धाकट्या,

हे पत्र तिला सांगून लिहितोय. ती समोर बसली आहे आणि मी कितव्या ओळीवर आहे ते विचारते आहे.

हॉटेलची ऑर्डर गेली. मोडवाल्याला मी स्वतः जाऊन नाही म्हणून आलो. गुडघा बरा आहे, दोन्ही.

रिबिटींचं आम्ही जमवलं आहे. मी तिच्या डाव्या बाजूला बसतो. माझ्या तळहातावर रिबिटी असतात, ती हात पुढे करते, मी एक देतो. मी उशिरा देतो असं तिचं म्हणणं आहे. तळहाताला घाम येतो असंही म्हणते. आई कशी होती ते तुला आठवत असेल, तिनं अशी पद्धत पाहिली असती तर दोघांना हाकललं असतं. काम निम्म्यानं होतं. पण होतं.

एक गोष्ट तुला सांगायची होती. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं रोज एकाच खोलीत समोरासमोर काम केलं, पण कामाच्या वेळी बोललो असं कधी झालंच नाही. तिचं तोंड भरलेलं असायचं आणि माझ्या हातोडीचा आवाज असायचा. मला वाटायचं ती कमी बोलते. आता तोंड रिकामं आहे तर दिवसभर बोलते. तिच्या वडिलांचं, तुझं, त्या सिस्टरचं, मी तिला पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा माझी चप्पल तुटली होती ते. मला यातलं पुष्कळ माहीतच नव्हतं.

परवा दांडा बसवताना तिनं मान वर न करता सांगितलं की गाठ काढायच्या आदल्या दिवशी ती फार घाबरली होती. तिला ते मला सांगायचं होतं, पण मी किटली मठारत होतो. अजूनही रोज सकाळी भीती वाटते म्हणाली. मला अजून खूप जगायचंय म्हणाली, आणि हात पुढे केला. मी तो हातच धरून ठेवला, तर म्हणाली, अहो, रिबीट द्या.

तेव्हा डॉक्टरीणबाईंना सांग, औषध नीट चालू ठेवा, कमीजास्त काय ते बघून करा, पण हिला ठेवा. आम्ही बोलायला आत्ता कुठे लागलोय. मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून ती बोलायला लागली की मी हातोडी खाली ठेवतो.

दादा